शिष्यवृत्ती देऊन मित्र मिळतात का?

आडवळणी (धागाकर्ता)

1958 साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात अभ्यासकांच्या देवाणघेवाणीचा करार झाला. त्याखाली कोलंबिया विद्यापीठात आलेल्या मूठभर रशियनांत अलेक्झांडर याकोव्हलेव्ह होते. पुढे गोर्बाचोव्हच्या काळात ग्लासनोस्तची, म्हणजे खुलेपणाच्या धोरणाची, आखणी केली ती यांनीच. शिक्षणातून मुत्सद्देगिरी साधते असं म्हणणारे हे उदाहरण हमखास देतात आणि बरोबर इथेच थांबतात. कारण त्याच तुकडीत ओलेग कालुगिनही होता, विद्यार्थी म्हणून आलेला केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचा, माणूस. तो पुढे केजीबीत जनरल झाला. विद्यापीठ तेच, वर्ष तेच, यजमानही तोच. एक जण जाताना विचार घेऊन गेला, दुसरा माहिती.

तेव्हा माझं म्हणणं असं, की शिष्यवृत्ती ही चांगलीच गोष्ट आहे, पण परराष्ट्रधोरण म्हणून ती लॉटरीच्या तिकिटाइतकीच भरवशाची. ज्याचं तिकीट लागलं त्याचा फोटो छापून येतो, एवढंच.

आता बॉक्सर शिष्यवृत्ती घ्या. बॉक्सर बंडानंतर, म्हणजे चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या उठावानंतर, चीनवर जबर दंड बसला. 1908 मध्ये अमेरिकेने आपल्या वाट्यातली जादा रक्कम परत करायचं ठरवलं, पण हातात रोकड दिली नाही. त्या पैशातून चिनी मुलांनी अमेरिकेत शिकायचं. त्यांची तयारी करून घ्यायला 1911 मध्ये जी शाळा काढली तीच आजचं त्सिंगह्वा विद्यापीठ. हेतूही लपवलेला नव्हता. इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना आधीच लिहून कळवलं होतं, की चिनी तरुणांची ही पिढी जो देश शिकवेल त्याचं वजन तिथे व्यापारातही राहील आणि विचारांतही.

याच शिष्यवृत्तीवर 1935 मध्ये च्येन श्वेसेन अमेरिकेत आला. एमआयटी, मग कॅलटेक, मग जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या रॉकेट प्रयोगशाळेच्या संस्थापकांत नाव. आणि चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचा जनक कोण? हाच.

त्यामुळे हा खर्च शिक्षण म्हणून करा आणि शिक्षण खात्यातून करा. परराष्ट्र खात्याने त्यावर डोळा ठेवू नये. पटत नसेल तर येऊ द्या.

---

जुना कंदील

च्येनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. मधली पाच वर्षं गाळलीत की.

हा माणूस अमेरिकेचा झाला होता. 1945 मध्ये जर्मन रॉकेटतज्ज्ञांची चौकशी करायला अमेरिकेने त्याला कर्नलचा हुद्दा देऊन पाठवलं. त्याने नागरिकत्वासाठी अर्जही केला होता. 1950 मध्ये कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन त्याची सुरक्षा परवानगी काढली, पाच वर्षं नजरकैदेत ठेवलं आणि 1955 मध्ये चीनला पाठवून दिलं. म्हणजे शिष्यवृत्तीने तिचं काम केलं होतं, चोख केलं होतं. दुभती गाय दाव्यासकट शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधायची आणि मग म्हणायचं, गायी पाळण्यात काही अर्थ नाही!

खर्चाचंही बोलू. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती योजना 1946 ची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याचं सामान जगभर पडून होतं. ते विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. सिनेटर फुलब्राइट यांनी तोडगा काढला, की ती रक्कम त्या देशाच्याच चलनात घ्या आणि विद्यार्थी-प्राध्यापकांच्या येण्याजाण्यावर खर्चा. युद्धाच्या भंगारातून एवढी जुनी आणि एवढी नावाजलेली योजना उभी राहिली. एका लढाऊ विमानाच्या किमतीत किती मुलं शिकतील याचा हिशोब कोणीही करावा.

भारताशी हा करार 1950 मध्ये झाला. 2008 पासून भारत त्यात निम्मा खर्च उचलतो आणि नावही फुलब्राइट-नेहरू झालं. घेणारा आपणहून निम्मे पैसे टाकायला लागला, ही लॉटरी कशी?

---

आडवळणी

नजरकैदेचा मुद्दा मान्य, तो मी गाळायला नको होता. पण तुम्ही नकळत माझंच म्हणताय. कमावलेलं सगळं एका संशयी वर्षात गेलं.

आणि निम्मा खर्च का उचलतो? शिक्षण मिळतं म्हणून. मैत्रीसाठी कोण पैसे भरतं?

---

नसती उठाठेव

तुम्ही दोघंही देणाऱ्याच्या गल्ल्यावर बसून बोलताय. विद्यार्थ्याचं काय होतं ते बघा ना.

ऑगस्ट 2018. कॅनडाने सौदीतल्या अटकेतल्या कार्यकर्त्यांना सोडा म्हणून ट्वीट केलं. सौदीने राजदूत परत बोलावला आणि कॅनडात शिकणाऱ्या आपल्या हजारो विद्यार्थ्यांना गाशा गुंडाळायला लावला. कोणाचा प्रबंध अर्धा, कोणाचं सत्र तोंडावर. त्यातले जे तिथल्या इस्पितळांत काम करत शिकणारे डॉक्टर होते, त्यांना मात्र नंतर राहू दिलं. रुग्ण सांभाळणारे हात एका रात्रीत काढून घेणं दोन्हीकडे जड गेलं असतं.

जुलै 2020. अमेरिकेने चीन आणि हाँगकाँगसाठी फुलब्राइट बंद केली. हाँगकाँगच्या सुरक्षा कायद्याचा निषेध म्हणून. निषेध बीजिंगचा, दार बंद अभ्यासकांना.

आणि ऑगस्ट 2021. भारत अफगाण मुलांना वर्षाला हजारभर शिष्यवृत्त्या देत होता. काबूल पडल्यावर दहा-बारा दिवसांत भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. महामारीत घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली, प्रवेश इकडे. डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने मुलींना तिथल्या विद्यापीठांतूनही बाहेर काढलं. म्हणजे मुलींना दोन्ही दारं बंद.

दोन राजवाड्यांतल्या भांडणात पहिला दगड वसतिगृहाच्या खिडकीवर येतो. साधन साधन म्हणताय, पण ते साधन म्हणजे वीस-बावीस वर्षांचं पोर असतं.

---

जुना कंदील

अफगाण व्हिसांबाबत सुरक्षेचं कारण होतं आणि ते काही अगदीच बनवलेलं नव्हतं. पासपोर्ट चुकीच्या हातात पडल्याच्या बातम्या होत्या. मात्र ज्यांची नावं, हजेरी आणि गुणपत्रिका आपल्याच विद्यापीठांकडे होत्या त्यांना वेगळं काढता आलं असतं, इथे मी तुमच्यासोबत आहे. वर्षानुवर्षं जे पेरलं ते असं तुडवायचं नसतं.

---

सांजवात

मी एका परदेशी सरकारच्या शिष्यवृत्तीवर तीन वर्षं शिकले. देशाचं नाव लिहीत नाही, मग चर्चा त्या देशावर घसरेल.

पहिले चार महिने विद्यावेतन आलंच नाही. कचेरीत गेलं की खिडकीतला माणूस म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. त्याने एकदाही मान वर करून बघितल्याचं आठवत नाही. वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंनी मात्र त्या चार महिन्यांत एकदाही भाडं मागितलं नाही. जिन्यात भेटल्या की हवेबद्दल बोलायच्या, मुद्दाम. मला त्यांची भाषा तेव्हा धड येत नव्हती, पण पैशांचा विषय टाळणं कोणत्याही भाषेत कळतं. शिष्यवृत्तीच्या स्वागत-समारंभात मंत्री काय बोलले ते आज एक अक्षर आठवत नाही. बाईंच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज आठवतो.

सांगायचं हे, की देश विद्यार्थ्याला भेटतो तो खिडकीत, जिन्यात, बसमध्ये. तिथे परराष्ट्र खात्याचं काही चालत नाही. सोव्हिएत संघाने 1960 मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ काढलं, पुढच्या वर्षी त्याला काँगोचे पंतप्रधान राहिलेल्या पॅट्रिस लुमुम्बांचं नाव दिलं. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतल्या मुलांना सगळं फुकट. अमेरिकेत काळ्यांना बसमध्ये बसू देत नाहीत, बघा आम्ही कसे, असा तो सगळा आविर्भाव. डिसेंबर 1963 मध्ये मॉस्कोबाहेर घानाचा एक वैद्यकीय विद्यार्थी मेलेला सापडला. सरकार म्हणालं थंडीने गेला, सोबती म्हणाले मारला. शेकडो आफ्रिकी विद्यार्थी लाल चौकात चालून गेले. त्यांच्या हातातल्या एका फलकावर लिहिलं होतं, मॉस्को म्हणजे दुसरं अलाबामा, म्हणजे वर्णभेदासाठी कुप्रसिद्ध अमेरिकी राज्य.

---

आडवळणी

सांजवातताई, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. पण यातून निघतं काय? विद्यार्थ्याचं मत खिडकी आणि जिना ठरवणार असेल, तर परराष्ट्र खातं नेमकं कशावर पैसे लावतंय?

---

बखरकार

लॉटरीच्या बाजूने आणखी दोन तिकिटं. सलोथ सार नावाचा कंबोडियन मुलगा 1949 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेला. परीक्षा नापास होत राहिला, शिष्यवृत्ती गेली, मार्क्सवादी मंडळात मात्र पक्का झाला. जग त्याला कंबोडियातल्या नरसंहाराचा सूत्रधार पोल पॉट म्हणून ओळखतं. आणि पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची योजना आखणारे जपानी नौदलप्रमुख यामामोतो 1919 ते 1921 हार्वर्डला होते. गंमत अशी, की अमेरिकेशी युद्ध नको असं जपानी नौदलात ठासून सांगणारेही तेच. अमेरिकेची ताकद बघून आले होते ना. शिक्षण लागू पडलं, उपयोग झाला नाही.

अवांतर: परक्या देशात शिकायला पाठवायचा खर्च नेहमी यजमानच करतो असं नाही. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा (आजचं सुमात्रा) शैलेंद्र राजा बालपुत्रदेव याने नालंदेत स्वतः विहार बांधला आणि त्याच्या खर्चासाठी पाल राजा देवपालाकडून पाच गावं मागून घेतली. नालंदेच्या ताम्रपटात ते नोंदलंय. म्हणजे इमारत पाहुण्याची, उत्पन्न यजमानाचं. आजच्या निम्म्या-निम्म्या खर्चाची आद्य आवृत्ती म्हणा हवं तर.

---

आडवळणी

बखरकार, धन्यवाद. आता भारताचंच एक घ्या. अफगाणिस्तानचे माजी अध्यक्ष करझाई शिमल्याला शिकले हे सांगून सांगून गुळगुळीत झालंय. नेपाळचे माओवादी नेते बाबुराम भट्टराईंचं कोणी काढत नाही. कोलंबो योजनेच्या, म्हणजे आशियाई देशांना विकासात मदत करणाऱ्या योजनेच्या, शिष्यवृत्तीवर चंदीगडला वास्तुशास्त्र, नंतर जेएनयूतून पीएचडी. आणि फेब्रुवारी 1996 मध्ये नेपाळ सरकारपुढे 40 मागण्या ठेवल्या त्यांनीच. त्यात अगदी सुरुवातीलाच काय? भारताबरोबरचा 1950 चा शांतता-मैत्री करार रद्द करा. त्या मागण्यांच्या मागोमाग माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं.

---

जुना कंदील

आणि गोष्ट 1996 लाच संपली? ऑक्टोबर 2011 मध्ये हेच भट्टराई पंतप्रधान म्हणून दिल्लीत आले आणि द्विपक्षीय गुंतवणूक संरक्षणाच्या करारावर सही करून गेले. त्यासाठी मायदेशात त्यांच्याच पक्षातल्यांच्या शिव्या खाल्ल्या. योगायोग म्हणजे त्याच महिन्यात करझाईंनीही दिल्लीत धोरणात्मक भागीदारीचा करार केला, अफगाणिस्तानचा तशा प्रकारचा पहिलाच.

मी असं म्हणत नाही की चंदीगडमुळे सही झाली. पण ज्याला तुमची भाषा येते, तुमची वर्तमानपत्रं कळतात, ज्याचे जुने वर्गमित्र आणि मार्गदर्शक तुमच्याकडे आहेत, असा विरोधक समोर असणं ही केवढी सोय आहे! भांडायलाही ओळख लागते. शिष्यवृत्तीकडून आज्ञाधारक माणूस मागाल तर पदरी निराशा येणार. ओळखीचा माणूस मागा, तो बहुतेक वेळा मिळतो.

---

तळटीप

इथे परत जाण्याच्या अटीबद्दल अजून कोणी बोललंच नाही. फुलब्राइटवाल्यांना दोन वर्षं मायदेशात काढल्याशिवाय अमेरिकेचा स्थलांतर व्हिसा मिळत नाही, ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचीही दोन वर्षं परत जाण्याची अट आहे. ही अट मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. त्यात यजमान कबूल करतो, की तू इथे नको, तिथे हवास. ज्या शिष्यवृत्त्यांना अशी अट नाही त्या मुत्सद्देगिरीच्या नावाखाली चाललेली नोकरभरती आहे. हुशार पोरं उचलायची आणि वर उपकारही नोंदवायचे.

अट कशी असावी हे बघायचं तर क्युबा. 1998 च्या चक्रीवादळांनंतर मध्य अमेरिकेत डॉक्टर नाहीत हे दिसलं, आणि 1999 मध्ये हवानाजवळ वैद्यकीय विद्यालय सुरू झालं. फी नाही, उलट आपापल्या भागातल्या गरीब वस्तीत काम करू एवढं वचन. पुढे तिथे खुद्द अमेरिकेतली गरीब घरची मुलंही शिकली. निर्बंध लादणाऱ्या देशाला डॉक्टर शिकवून परत पाठवायचे! याहून तिखट निषेधखलिता मला तरी माहीत नाही.

उलटी अटही झालेली आहे. श्यामजी कृष्ण वर्मांनी लंडनमधून हिंदी तरुणांना शिष्यवृत्त्या जाहीर केल्या तेव्हा अट होती, की ब्रिटिश सरकारची नोकरी धरायची नाही.

---

नसती उठाठेव

क्युबाचे डॉक्टर कौतुकाचे, पण क्युबाच्या स्वतःच्या डॉक्टरांना देश सोडायची मोकळीक किती होती तेही लिहा की. आणि दोन वर्षांच्या अटीला प्रामाणिक म्हणताय, ती ज्याच्या देशात दरम्यान युद्ध सुरू झालं त्याला सांगून बघा.

---

तळटीप

अशांसाठी सूट मागता येते. सहज मिळते असं म्हणत नाही. क्युबाबद्दलचा टोला मान्य.

---

बखरकार

चीनचा आकडा राहिला. 2018 च्या आफ्रिका परिषदेत बीजिंगने एकदम 50,000 सरकारी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. एवढी तिकिटं एकदम काढली की निदान काही तरी लागणारच, हे आडवळणींच्या गणिताने तरी बरोबर.

---

आडवळणी

हा हा. एवढी तिकिटं काढली की ती लॉटरी राहत नाही हे मान्य करायला लागतंय. शिक्षण खात्याच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, पण भट्टराईंच्या 2011 च्या सहीवर विचार करतोय. भांडायलाही ओळख लागते, हे डोक्यात राहिलं.

सांजवातताई, एक राहिलंच. विद्यावेतन चार महिने लटकवणाऱ्या त्या देशाबद्दल आज तुमचं मत काय? त्यांच्या खात्याच्या दृष्टीने तुम्ही लागलेलं तिकीट की गेलेलं?

---

सांजवात

त्यांच्या खात्याला माझा पत्ताही ठाऊक नसेल आता. तिथली बरीचशी सरकारं मला आवडलेली नाहीत. तरी त्यांच्या निवडणुकांचे निकाल मी रात्री जागून बघते, आणि तिकडे पूर आल्याची बातमी दिसली की आधी नकाशात त्या वसतिगृहाची गल्ली शोधते. बाई आता तिथे नाहीत, हे माहीत असूनही.