मदत हवी आहे: कोलोरॅडोत गांजाच्या परवानाधारक दुकानात हिशेबाची नोकरी, सिटिझनशिपला आड येईल का?

नमस्कार मंडळी,

विषय वाचून हसू नका, घरी पुरेसं हसून झालंय.

मी डेन्व्हरजवळ अरोराला राहते. ग्रीन कार्ड जून 2018 चं, म्हणजे सिटिझनशिपला लागणारी पाच वर्षं पुढच्या जूनमध्ये (2023) भरतील. कोल्हापूरची एम.कॉम. आहे, पण मुलगी लहान म्हणून इथे अजून नोकरी केली नव्हती. आता घरापासून दहा मिनिटांवरच्या डिस्पेन्सरीत आठवड्याला वीस तास बुककीपिंगचं काम मिळतंय. डिस्पेन्सरी म्हणजे औषधांची नव्हे, गांजाची. राज्याचा परवाना भिंतीवर, ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत, प्रत्येक रोपाला बिल्ला लावून विक्रीपर्यंत नोंद. आमच्या गल्लीतल्या वाण्याचा हिशेबही इतका चोख नसेल.

मालकाने मुलाखतीत सांगितलं की फेडरल रिटर्नमध्ये दुकानाचं भाडं, पगार, जाहिरात यातलं काहीच खर्चात धरता येत नाही, फक्त मालाची किंमत वजा होते (कलम 280ई). राज्याच्या रिटर्नमध्ये मात्र हेच खर्च चालतात. म्हणजे एका सरकारच्या लेखी हा दुकानदार आणि दुसऱ्याच्या लेखी अमली पदार्थ विकणारा. कर मात्र दोघांनाही हवा! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

प्रश्न असा. कोलोरॅडोच्या लोकांनी 2012 मध्ये मतदान करून राज्याच्या घटनेतच हे घातलं, 1 जानेवारी 2014 पासून दुकानं उघडी आहेत. मग फेडरल बंदी इथे उरते कशी? भारतात कलम 254 आहे: समवर्ती सूचीतल्या विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा जुळत नसेल तर केंद्राचा चालतो, पण राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा. इथे तशी काही सोय आहे का? नवरा म्हणतो, "तू कुठे गांजा विकणार आहेस, आकडे तर लिहिणार." सोमवारपर्यंत कळवायचंय.

प्रतिसाद (मोरपंखी): माझ्या ओळखीत दोघं-तिघं अशा दुकानांत आहेत, कुणाला काही झालेलं नाही. बिनधास्त घ्या.

प्रतिसाद (रानवाटा): ताई, थांबा. मोरपंखी, तुमच्या ओळखीतले लोक सिटिझन आहेत की ग्रीन कार्डवाले, हे आधी विचारा. सगळी मेख तिथेच आहे.

254 सारखी सोय इथे नाही. अमेरिकेच्या घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाप्रमाणे फेडरल कायदा वरचढ, आणि 1970 च्या फेडरल कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंगतीत बसवलेला. कॅलिफोर्नियात दोन आजारी बायका राज्याच्या कायद्यात राहून औषध म्हणून गांजा घेत होत्या, एकीने तर घरीच लावला होता. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2005 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला की आंतरराज्य व्यापारावरच्या अधिकारातून केंद्र यालाही मनाई करू शकतं. घरच्या कुंडीतलं रोप आणि आंतरराज्य व्यापार! मला हा निकाल अजून पचलेला नाही, पण कायदा तोच.

मग दुकानं चालतात कशी? केंद्र राज्याला "तुझे अधिकारी माझ्या कायद्यासाठी राबव" असं फर्मावू शकत नाही. बंदूक घेणाऱ्यांची चौकशी स्थानिक शेरीफांच्या गळ्यात मारली होती, त्या खटल्यात 1997 साली हे पक्कं झालं. कोलोरॅडोने उठवली ती स्वतःची शिक्षा. केंद्राची उठवणं त्याच्या हातात नव्हतंच. दुकानादुकानात धाडी घालायला केंद्राकडे ना तेवढी माणसं ना इच्छा, म्हणून चाललंय.

पण सिटिझनशिपच्या वेळी तुम्ही स्वतःच्या पायांनी केंद्राच्या खिडकीशी जाता. नागरिकत्व हा पूर्णपणे केंद्राचा विषय. यूएससीआयएसने (नागरिकत्वाचे अर्ज तपासणारं केंद्राचं खातं) एप्रिल 2019 मध्ये लेखी कळवलंय की गांजाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा सद्वर्तनाच्या अटीआड येऊ शकते, मग ती राज्यात कायदेशीर का असेना. त्याच सुमारास डेन्व्हरमध्ये अशाच दुकानांशी संबंधित दोघांचे अर्ज नाकारले गेले. महापौरांनी वॉशिंग्टनला पत्र लिहिलं होतं.

राज्याच्या कोर्टाचाही आधार धरू नका. इथे वैद्यकीय कार्ड असलेल्या एका अपंग कर्मचाऱ्याला गांजामुळे कामावरून काढलं, तेव्हा कोलोरॅडोच्याच सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं की 'कायदेशीर' म्हणजे राज्य आणि केंद्र दोन्हींच्या मते कायदेशीर.

शपथ होईपर्यंत ही नोकरी नको, असं माझं मत. मी वकील नाही. पण बघाल तो इमिग्रेशनचाच बघा, व्यवसाय-परवान्यांचा नको. आणि मधल्या काळात भारतात जाऊन येणार असाल तर तेही त्याच्या कानावर घाला.

धागाकर्ती: रानवाटा, मनापासून आभार. आजच नको म्हणून कळवलं. मालक म्हणाला, "तू या वर्षातली तिसरी." वकिलाची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

एक उपप्रश्न राहिला. मुलाखतीच्या दिवशी त्यांची एक महिन्याची जुळत नसलेली खातेवही मी दोन तास बसून जुळवून दिली होती. पैसे घेतले नाहीत. हे वकिलाला सांगायचं का?

प्रतिसाद (रानवाटा): सांगा. तारखेसकट.