चार नगरसेवकांच्या प्रभागात आपले प्रतिनिधित्व नेमके कोण करते, हे तपासायचे कसे?

प्रश्न – गावठाणातला रहिवासी

नमस्कार. जून 2021 मध्ये पुणे महापालिकेत जी 23 गावे घेतली गेली, त्यांपैकी एका गावात मी राहतो. तोवर आमच्याकडे ग्रामपंचायत होती. सदस्य गल्लीतले असत आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभेत उठून सरपंचांना विचारता येत असे. महापालिकेत गेल्यावर ग्रामपंचायत बरखास्त झाली, मार्च 2022 मध्ये महापालिकेचीही मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे साडेचार वर्षांच्या आसपास आम्ही कर भरत होतो, पण आम्ही निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता.

आता एकदम चार नगरसेवक मिळाले आहेत. मतदानाच्या दिवशी अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबले. मात्र टँकरच्या फेऱ्या वाढवून हव्या असतील तर या चौघांपैकी कोणाकडे जायचे, हे आमच्या सोसायटीत कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. या रचनेतून आमचे प्रतिनिधित्व पुरेसे होते आहे का, याचा आढावा नागरिकांनी स्वतः घ्यायचा असेल, तर तो कशाच्या आधारे घ्यावा?

उत्तर 1 – प्रभाग रचनेचा अभ्यासक

आधी आकडे पाहावेत, कारण त्याशिवाय चर्चा केवळ तक्रारीच्या पातळीवर राहते. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक आहेत. 40 प्रभाग चार सदस्यांचे, तर एक पाच सदस्यांचा आहे. ही रचना 2011 च्या जनगणनेवर बेतलेली असून ती लोकसंख्या सुमारे 34.8 लाख धरली आहे. म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी 21 हजार आणि चार सदस्यांच्या प्रभागामागे साधारण 84 हजार माणसे येतात. प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली जाऊ नये, प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले वस्तीचे छोटे भाग) शक्यतो फोडू नयेत, नदी, नाले, लोहमार्ग आणि मोठे रस्ते यांच्या हद्दी पाळाव्यात, हे निकष ठरलेले आहेत.

मला खरी अडचण दिसते ती या गणिताच्या पायातच. 2011 साली आपल्या भागात शेती होती. आज तिथे बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. शनिवार पेठ किंवा नारायण पेठेत मात्र लोकवस्ती तशी वाढलेली नाही. कागदावर दोन्हीकडचे प्रभाग दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसतात, पण प्रत्यक्षात शहराच्या काठावरच्या नगरसेवकाला कितीतरी अधिक लोकांना पुरे पडावे लागते. याची पडताळणी आपणही करू शकता. निवडणुकीसाठी प्रसिद्ध झालेल्या प्रभागनिहाय मतदार याद्या घ्याव्यात, आपल्या प्रभागाची मतदारसंख्या नगरसेवकांच्या संख्येने भागावी आणि पेठांतल्या एखाद्या प्रभागाशी ताडून पाहावी. पुढची रचना नव्या जनगणनेवर होईल तेव्हा हरकती व सूचनांच्या सुनावणीत हा तक्ता हाती असलेला माणूस आणि नुसतेच ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणणारा माणूस यांत फार फरक पडतो. ऑगस्ट 2025 मध्ये प्रारूप रचना आली, तेव्हा हरकतींसाठी मिळालेला अवधी जेमतेम दोन आठवड्यांचा होता. एवढ्यात असे काम उभे राहत नाही, ते आधीपासून करून ठेवावे लागते.

उत्तर 2 – मुंबईकर मतदार

बहुसदस्यीय पद्धतीवर मुंबईतून नेहमी टीका होते, कारण आमच्याकडे एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे आणि जबाबदारी कोणाची याबद्दल शंका उरत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 2011 च्या लोकसंख्येनुसार मुंबईत 227 नगरसेवकांमागे सुमारे 1 कोटी 24 लाख लोक आहेत. म्हणजे प्रत्येकामागे जवळपास 55 हजार, पुण्याच्या अडीचपटीहून अधिक. शिवाय सोडतीत प्रभागाचे आरक्षण बदलले की चांगले काम करणाऱ्या नगरसेवकालाही पुन्हा त्याच ठिकाणी उभे राहता येत नाही. ज्याला पुन्हा आपल्यासमोर यायचेच नाही, त्याच्याकडून मतदारांनी हिशेब मागायचा कसा? चार जागांच्या प्रभागात अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग, महिला आणि सर्वसाधारण अशा जागा एकत्र असल्याने ही अडचण बऱ्याच अंशी कमी होते. स्त्रियांसाठी 50 टक्के जागा असल्याने अशा प्रभागात बहुधा दोन नगरसेविका असतात, आणि माझ्या मते ही या पद्धतीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

उत्तर 3 – सेवानिवृत्त, नगरपालिका प्रशासन

वरच्या दोन्ही प्रतिसादांतील मुद्दे योग्य आहेत, पण मूळ प्रश्न ‘आता काय करावे’ असा असल्याने त्याबद्दल लिहितो. पुण्यात 2002 मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन आणि 2017 मध्ये चार सदस्यांचे झाले. 2021 मध्ये पुन्हा तीन सदस्यांचा निर्णय झाला आणि सत्ताबदलानंतर तो फिरवून चारवर आणला गेला. इतक्या वेळा रचना बदलली, पण मागच्या रचनेत मतदारांना काय मिळाले, याचा जाहीर आढावा घेऊन एकदाही निर्णय झाला नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. तो आढावा नागरिकांनीच लिहायला घ्यावा.

मुख्य सभेची हजेरी, विचारलेले लेखी प्रश्न आणि मांडलेले ठराव यांची नोंद नगरसचिव कार्यालयात असते. माहिती अधिकारात ती नगरसेवकनिहाय मागता येते. अंदाजपत्रकातील ‘स’ यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी, उघडून आपल्या प्रभागातील कामे कोणाच्या नावावर आहेत आणि ती प्रभागाच्या कोणत्या भागात झाली, हे नकाशावर मांडावे. चौघेही एकाच बाजूच्या वस्तीत काँक्रीटचे रस्ते करत असतील आणि समाविष्ट गावाच्या वाट्याला काही येत नसेल, तर तो नकाशाच पुरावा ठरतो.

ग्रामसभेची उणीव आपल्याला जाणवते, ती रास्तच आहे. 2009 मध्ये महापालिका अधिनियमात क्षेत्र सभेची तरतूद झाली. काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र आणि त्या सभेच्या अध्यक्षस्थानी नगरसेवक, अशी ती कल्पना आहे. कायद्याच्या पुस्तकात ती आहे, बहुतेक शहरांत प्रत्यक्षात नाही. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी मागणी करावी की, प्रभागातील मतदान केंद्रे चार क्षेत्रांत विभागून प्रत्येक क्षेत्राची सभा एकेका नगरसेवकाकडे सोपवावी. टँकरसाठी कोणाकडे जायचे हा आपला प्रश्न त्यातूनच सुटू शकेल, आणि तोही प्रभाग रचना बदलण्याची वाट न पाहता.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. मतदार यादीची आकडेमोड आणि ‘स’ यादीचा नकाशा आमच्या सोसायट्यांचे सचिव आपसांत वाटून घेणार आहेत. क्षेत्र सभेच्या मागणीचा अर्ज चौघांच्याही नावे वेगवेगळा द्यावा की एकत्र, एवढेच विचारायचे राहिले.

सेवानिवृत्त, नगरपालिका प्रशासन

वेगवेगळा द्यावा, प्रत्येकाची पोच घ्यावी आणि एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या आवकमध्ये नोंदवावी. एकत्र दिलेल्या अर्जाला उत्तर देणे हे चौघांपैकी कोणा एकाचे काम राहत नाही.