तज्ज्ञांची तारीख मिळेपर्यंत मुलासाठी कुणी काय करायचं?

तापीकाठ
नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अकरावीतल्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं तर अख्खा दिवस आणि पालकांची मजुरी जाते. तारीख पुढची मिळाली की मधले आठवडे तसेच सुटतात. माझं स्पष्ट मत आहे की त्या काळात एका ठरलेल्या माणसाने, म्हणजे शिक्षक, आशाताई किंवा मैत्री क्लिनिकच्या (किशोरवयीन मुलांसाठीच्या सरकारी दवाखान्याच्या) समुपदेशकाने, ठरलेल्या वारी वीस मिनिटं त्या मुलाला भेटावं. झोप किती, जेवण किती, वर्गात किती दिवस आला, एवढं बघावं. दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घ्यावी. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर दवाखान्याला कळवून तारीख अलीकडे मागावी. दर आठवड्याला भरून उपयोग नाही, कारण प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दलच असतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज करत बसू नये. मुलाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत लाइन चोवीस तास सुरू असते. आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवावं.

सातपुडा_पायथा
मला हे पटत नाही. कागद शिक्षकाच्या हातात गेला की स्टाफरूममध्ये जातो, तिथून गावात. मुलगी असेल तर थेट स्थळापर्यंत पोचतो. शिवाय ‘मन खंबीर कर, बारावी तोंडावर आलीय’ एवढंच सांगणारा माणूस दर आठवड्याला भेटला, तर पोर बोलायचंच बंद होतं.
दुसरं, काही मुलांना वाट बघायला लावणंच चूक आहे. कानात आवाज येतात, लोक आपल्यावर टपलेत असं वाटतं, चार रात्री झोप नाही तरी अंगात जोर, किंवा खाणंपिणं बंद. अशा वेळी तारखेची वाट न बघता सिव्हिलच्या आपत्कालीन विभागात जायचं. तिथे साप्ताहिक भेट म्हणजे खोटा दिलासा.
वाट बघायचीच तर निदान तपासण्या उरकून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि आपल्या नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल. रक्त कमी असलेलं पोरही थकलेलं, चिडलेलं आणि अभ्यासात मागे पडलेलंच दिसतं.

कपाशी_पट्टा
कुलपाबद्दल थोडं थांबा. श्रीलंकेत १८० गावांपैकी निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पेट्यांमुळे विषबाधा कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट तिथे जहाल कीटकनाशकांवर बंदी आली, तेव्हा मृत्यू घटले. म्हणून औषध घरात नसणं हाच खरा उपाय. अडचण अशी की आपल्याकडे कृषी केंद्रातून उधारीवर हंगामाचा माल एकदमच उचलतात, आणि अर्धा डबा गोठ्यात पडून राहतो. दुकानदाराला सांगा, लागेल तसं फवारणीपुरतं नेऊ. उरलेलं भाऊबंदांच्या घरी ठेवा. गोळ्या चालू असतील तर त्याही मोठ्यांनी आपल्या हाताने रोजच्या रोज द्याव्यात.

खानदेशी_बोली
प्रश्नावली पुस्तकी मराठीत वाचून दाखवली तर निम्मी उत्तरं चुकतात. ‘उदास वाटतं का’ला पोरगं ‘नाही’ म्हणतं आणि डोकं जड झाल्याचं सांगतं. ‘झोप लागस का?’, ‘मरी जावानं मनमा येस का?’ असं घरच्या बोलीत विचारा. पावरी बोलणाऱ्या घरात पावरी येणारं माणूस हवं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती बिनबुडाची आहे.
घरचे भगताकडे नेत असतील तर भांडू नका. उपाशी ठेवायचं नाही, मारझोड नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत, एवढं कबूल करून घ्या. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून त्या परस्पर सोडल्या जातात.

तापीकाठ
सातपुडा, तातडीच्या लक्षणांचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. कुलपाबद्दलही मी शब्द मागे घेतो. पण गुप्ततेच्या भीतीने भेटच नको, हे मान्य नाही. कागद मुलाकडेच राहू द्या, शाळेत फक्त भेटीची तारीख. त्याच कागदाच्या मागे सुरक्षेचा आराखडा लिहायचा: त्रास वाढल्याची खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाजवळ जाऊन बसायचं, फोन कुणाला. ‘आईला सांगेन’ एवढ्यावर थांबू नका. सकाळी अकराला आई निंदणीला गेलेली असते आणि घरातला एकमेव फोन वडिलांच्या खिशात असतो. त्या वेळी गल्लीत कोण असतं, त्याचं नाव लिहून घ्या.

सातपुडा_पायथा
आराखडा चालेल, गुणांची बेरीज शिक्षकाकडे नको. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे गेलेल्या घरांचं काय? तारीख इथे, पोर तिकडे. निघण्याआधी ओपीडीचा कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत द्यायची, मुकादमाचा फोन नंबर घ्यायचा आणि तारीख परतीच्या महिन्यात बदलून घ्यायची. हे काम कुणाचं, ते आधी नावानिशी ठरवा. मग आठवड्याच्या भेटीला माझी ना नाही.