मदत हवी आहे: ग्रीसमधली स्ट्रीट फूड वॉकिंग टूर घेऊ का नको? आज रात्रीपर्यंत ठरवायचंय

सायली_पी
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. पाडवा घरी करून पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं ग्रीसला चाललोय. तिथे बुधवारी सकाळी १० ची स्ट्रीट फूड वॉकिंग टूर बुक करून ठेवलीय, साडेतीन तासांची, माणशी ७० युरो. आज रात्री १२ पर्यंत कॅन्सल केली तर पैसे परत, नंतर काही नाही. नवरा म्हणतो २८० युरोत आपण आपलं फिरून चार दिवस खाऊ. मला वाटतं गाईड हवाच. कोणी केली असेल अशी टूर तर प्लीज सांगा, नुसतं हो किंवा नाही सांगितलं तरी चालेल.

भटक्या_७१
नाही. आम्ही २०१९ ला अथेन्सला गेलो होतो, काही गाईडबिईड लागत नाही. मोनास्तिराकीला मेट्रोतून उतरा, समोरच सुव्लाकीवाले (सळईवर भाजलेलं मांस). तिथून अथिनास रस्त्याने सरळ चालत जा, वार्वाकिओस मार्केट लागतं, मागच्या एव्रिपिदू गल्लीत मसाल्यांची दुकानं. सकाळी कुलुरी (तिळाचं कडं) घ्यायची, दुपारी पिटा, संध्याकाळी लुकुमादेस (आपल्या गुलगुल्यांसारखे, वर मध). माणशी १५ युरोत पोट भरतं.

केतकी_जे
सायली, शहर कुठलं ते लिहिलंच नाहीये तू. आणि चौघं म्हणजे कोण कोण? लहान मुलं असतील तर साडेतीन तास चालणं वेगळं आणि मोठी माणसं असतील तर वेगळं.

सायली_पी
सॉरी सॉरी, थेस्सालोनिकी. म्युनिकहून डायरेक्ट फ्लाइट आहे म्हणून तिथे. सोमवारी रात्री पोचतोय, शुक्रवारी परत. मी, नवरा आणि सासूसासरे, ते सांगलीहून आलेत आमच्याकडे तीन महिन्यांसाठी.

भटक्या_७१
थेस्सालोनिकी कशाला? सासूसासऱ्यांना ग्रीस दाखवायचं तर अथेन्स आणि सँटोरिनी दाखवा, अ‍ॅक्रोपोलिस न बघता परत आलात तर गावाकडे काय सांगणार? अजून तिकीट बदलता येतंय का बघा.

ओंकार_डी
@भटक्या, त्यांनी ते विचारलेलं नाही. मी थेस्सालोनिकीत पोस्टडॉकसाठी दोन वर्षं राहिलोय आणि खाण्यासाठी ग्रीसमध्ये एकच शहर बघायचं असेल तर मी हेच सांगेन. २०२१ मध्ये युनेस्कोने याला गॅस्ट्रोनॉमीचं शहर म्हणून घेतलं, ग्रीसमधलं पहिलंच. कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. १९२३ ला ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकांची अदलाबदल केली तेव्हा आशिया मायनरमधून लाखो निर्वासित आले, त्यातले खूप जण या शहरात आणि आसपास वसले, आणि येताना आपलं स्वैपाकघर घेऊन आले. त्याआधी शतकानुशतकं इथे स्पेनमधून आलेले ज्यू मोठ्या संख्येने होते, १९४३ ला नाझींनी त्यांना नेऊन मारलं, तिथल्या मोदियानो मार्केटचं नाव अशाच एका ज्यू घराण्याचं आहे. १९१७ च्या आगीत गावाचा मध्यभाग जळाला, नंतर हे मार्केट बांधलं गेलं. बरीच वर्षं मरगळ आली होती, मग दुरुस्त करून २०२२ च्या शेवटी परत उघडलं. हे सगळं एक एक घास खाताना कोणी सांगितलं तर त्या घासाला अर्थ येतो, नाहीतर बुगात्सा म्हणजे नुसती साखर भुरभुरवलेली पातळ पापुद्र्यांची पेस्ट्री. म्हणून माझं मत गाईड घ्या.

पण एक सांगा, खाणार कोण काय? यीरोस (उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस) तिथे बहुतेक डुकराचा असतो.

सायली_पी
तेच तर. आई (सासूबाई) पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबा अंडं खातात, बाकी नाही. आम्ही दोघं सगळं खातो. टूरवाल्यांना मेल केला होता, 'व्हेजिटेरियन ऑप्शन आहे' एवढंच उत्तर आलं. म्हणून मी बिनधास्त होते.

केतकी_जे
अगं हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! माझा अनुभव सांगते, ग्रीसमधला नाही, इस्तंबूलचा. तिथेही 'ऑप्शन आहे' म्हणाले आणि दहा ठिकाणांपैकी सात ठिकाणी आमच्या आईला नुसतं पाणी आणि ऑलिव्ह. पैसे मात्र पूर्ण. तिने तोंडाने एक शब्द काढला नाही पण मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्यामुळे थांब्यांची यादी मागव, प्रत्येक थांब्यावर तुझ्या सासूबाईंना नेमकं काय मिळणार ते लिहून घे.

अण्णा_कुलकर्णी
दशम्या न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या तीन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. आमच्या सौभाग्यवतींनी संपूर्ण युरोप याच्यावर काढला. बाहेरचं तेल कुठलं, तवा कुठला, काही भरवसा नाही.

ओंकार_डी
अण्णा, दशम्या जरूर न्याव्यात, पण ग्रीसमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, उलट मार्चमध्ये तर नाहीच. आत्ता त्यांचा मोठा उपासाचा काळ चालू आहे, ईस्टर १२ एप्रिलला, त्याआधीचे सात आठवडे. या दिवसांत मांस, मासे, अंडी, दूध, चीज सगळं वर्ज्य. या खाण्याला 'निस्तीसिमो' म्हणतात आणि बेकरीत, हॉटेलात तशी पाटीच लावलेली असते. सायली, आईंना हा एक शब्द पाठ करून द्या.

मृणाल
थांबा थांबा, हा शब्द अर्धवट सांगू नका. निस्तीसिमोमध्ये कोळंबी, कालवं, शिंपल्या, ऑक्टोपस, माकूळ सगळं चालतं!! ज्यात रक्त नाही ते चालतं असा हिशोब आहे त्यांचा. थेस्सालोनिकीत तर शिंपल्यांचा भात उपासाला आवडीने खातात. माझ्या मैत्रिणीला निस्तीसिमो पिलाफ म्हणून तोच वाढला होता. त्यामुळे निस्तीसिमो म्हटल्यावर लगेच 'होरीस थालासिना' (समुद्रातलं काही नको) असं म्हणायचं. दोन्ही एकत्र म्हटलं की मग जवळजवळ आपल्या शुद्ध शाकाहारापर्यंत येतं.

ओंकार_डी
मृणाल बरोबर आहेत, ते सांगायचं राहिलं माझं.

शुद्धाहारी
चीजबद्दल कोणीच बोलत नाही. फेटा वगैरे चीजमध्ये दूध घट्ट करायला रेनेट घातलेलं असतं, बऱ्याचदा ते वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं असतं. आईंना हे माहिती आहे का?

भटक्या_७१
इतकं बघायला लागलं तर घराबाहेर पडू नये माणसाने.

शुद्धाहारी
ते त्यांनी ठरवावं ना. खाल्ल्यानंतर कळलं की त्रास होतो, आधी कळलेलं बरं.

सायली_पी
आई पिझ्झा खातात, चीजचं त्यांना चालतं, त्यावर भांडू नका प्लीज. मला अंड्याचं टेन्शन आहे. बुगात्सात अंडं असतं का?

ओंकार_डी
क्रीमच्या बुगात्साचं सारण रवा-दुधाचं, त्यात अंडं घालायचं की नाही हे दुकानागणिक बदलतं, विचारायलाच हवं. 'एही अव्गो?' म्हणजे अंडं आहे का. चीजची आणि पालकाची बुगात्साही मिळते, तिथेही विचारा. (अथेन्समध्ये बुगात्सा म्हणजे फक्त क्रीमची, थेस्सालोनिकीत चारी प्रकारांना बुगात्साच म्हणतात, आणि चौथा प्रकार खिम्याचा आहे. दिसायला सगळ्या सारख्या, त्यामुळे बोट दाखवून घेऊ नका.) त्रिगोना म्हणून पाकातले त्रिकोण मिळतात क्रीम भरलेले, त्यात आणि त्सुरेकी पावात अंडं धरूनच चाला.

आईंसाठी बिनधोक: कुलुरी, म्हणजे तिळाचं कडं, सकाळी गाड्यावर ताजं मिळतं. तिळाचा हलवा, कपानी मार्केटमध्ये मोठ्या ठोकळ्यातून कापून देतात. यिगांतेस म्हणजे टोमॅटोतले मोठे पांढरे वाल. भात भरलेली द्राक्षाची पानं, पण ती 'यालांजी' म्हणून मागायची, दुसऱ्या प्रकारात खिमा असतो. भाजलेल्या वांग्याचं मेलित्झानोसालाता, आपलं भरीतच, फक्त काही ठिकाणी मेयोनीझ घालतात, तेवढं अंड्याचं विचारा. थंडी असेल तर सालेपी, गाड्यावर मिळणारं गरम दाटसर पेय, वर दालचिनी आणि सुंठ.

मृणाल
आणि रव्याचा हलवा! उपासात घरोघरी करतात. आपला शिराच, फक्त तुपाऐवजी तेल, दुधाऐवजी पाणी. प्रमाण लक्षात ठेवायला एकदम सोपं, १ वाटी तेल, २ रवा, ३ साखर, ४ पाणी. रवा चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा, पाक वेगळा उकळून वरून ओतायचा, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल.

अण्णा_कुलकर्णी
तीन वाट्या साखर दोन वाट्या रव्याला? आमच्याकडे वाटीला पाऊण वाटी. आणि तेलात शिरा कसा लागेल? तूप नसेल तर तो प्रसाद होत नाही.

मृणाल
काका, त्यांच्या उपासाला तूपच चालत नाही म्हणून तेल. साखर जास्त आहे हे खरं, मी दोन वाट्याच घालते.

प्रसाद_एनआरआय
सासूसासऱ्यांचा व्हिसा जर्मनीचा असेल तरी ग्रीस शेंगेनमध्येच येतं, वेगळा लागत नाही. पण पासपोर्ट बरोबर ठेवा आणि इन्शुरन्सचा कागद पण.

सायली_पी
धन्यवाद प्रसाद, ते सगळं झालंय. माझा मूळ प्रश्न राहतोय, टूर घेऊ का नको? चार तास उरलेत.

केतकी_जे
आईंचे गुडघे कसे आहेत?

सायली_पी
डावा दुखतो. तासभर चालल्या की बसावं लागतं.

ओंकार_डी
मध्यभाग सपाट आहे, अरिस्तोतेलुस चौक, मोदियानो, कपानी, सगळं हाकेच्या अंतरावर. वरचं जुनं गाव, आनो पोली, ते मात्र नुसता चढ, टूर तिकडे जाणार असेल तर नको. आणि गाईडला आधीच सांगा की कपानीतल्या मटणाच्या ओळीतून नेऊ नका. तिथे अख्खी सोललेली कोकरं आणि मुंडकी टांगलेली असतात, वास असतो, आईंची खायची इच्छाच जाईल. बाजूच्या मसाल्याच्या आणि ऑलिव्हच्या गल्लीतून फिरता येतं.

भटक्या_७१
हे सगळं आता इथे फुकट कळलंच की. मग २८० युरो कशाला? ओंकारची यादी प्रिंट काढा आणि फिरा.

ओंकार_डी
यादीने अंडं आहे का ते विचारता येतं, पण दुकानदाराने ग्रीकमध्ये पाच वाक्यं उत्तर दिलं तर समजणार कसं? अशा वेळी भाषा येणारा माणूस बरोबर लागतो, आणि आई तिथे चिंता न करता खातील हे २८० युरोपेक्षा मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त दोघा शाकाहारींचे पैसे कमी करा म्हणून सांगून बघा.

वैदेही_नाशिक
मी मगापासून वाचतेय. पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. 'पुढच्या आठवड्यातला बुधवार' म्हणजे २५ मार्च ना? ती तर ग्रीसची राष्ट्रीय सुट्टी आहे! १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा दिवस. मी क्रीटला असताना नेमकी त्याच दिवशी अडकले होते, बाजार सगळा बंद.

ओंकार_डी
अरे देवा, हो. मी तारखेचा हिशोबच केला नाही. वैदेही, फार बरं झालं लिहिलंत. त्या दिवशी कपानीतली दुकानं बंद, सकाळी रस्त्यावर शाळेच्या मुलांची परेड, सरकारी म्युझियमं आणि प्राचीन स्थळंही बंद. हॉटेलं उघडी असतात पण खच्चून भरलेली, कारण उपासात मासे चालणाऱ्या मोजक्या दिवसांपैकी तो एक आणि घराघरात तळलेला कॉडमासा, बकालियारोस, आणि लसणाची स्कोर्दालिया खायची पद्धत आहे. तुम्हा दोघांना मजा येईल, आईंना गल्लोगल्ली तळणीचा वास.

सायली, मंगळवारी काय करताय? मंगळवार उत्तम. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार दुकानं संध्याकाळीही उघडी असतात, सोमवारी-बुधवारी दुपारीच बंद होतात बरीचशी.

सायली_पी
बापरे. मंगळवार आरामासाठी मोकळा ठेवला होता. गुरुवारी व्हेर्गिनाला जाणार आहोत, सिकंदराच्या वडिलांची, फिलिपची कबर बघायला, ते गुरुवारीच आहे हे नशीब. टूरवाल्यांनी सुट्टीचा एक शब्द काढला नाही!! फोन लावते आत्ताच.

केतकी_जे
फोनवर थांब्यांची यादीपण विचार. आणि बसायच्या जागा.

अण्णा_कुलकर्णी
बुधवारी सगळं बंद म्हणजे दशम्या लागणारच. सोबत गुळांबा.

सायली_पी
झालं बोलणं. बुधवारचं कॅन्सल करून मंगळवार २४, सकाळी साडेदहा. बुधवारी मार्केटऐवजी 'दुसरा रूट' नेणार होते म्हणे, विचारल्यावर सांगितलं. आठ थांबे आहेत, त्यातल्या सहा ठिकाणी आईंना खाता येईल असं लेखी पाठवलंय, यीरोसच्या जागी वालाची उसळ आणि भरीत. आई-बाबांचे ५० प्रत्येकी घेतले. मटणाची ओळ टाळतील आणि चार ठिकाणी खुर्च्या आहेत. नवरा अजून म्हणतोय महाग आहे, पण आईंसाठी हो म्हणाला.

भटक्या_७१
२४० म्हणजे ठीक. तरीपण एकदा अथेन्स कराच.

सायली_पी
(मंगळवार, रात्री) कळवायचं कबूल केलं नव्हतं पण लिहिल्याशिवाय राहवेना. दुसऱ्याच दुकानात बुगात्साच्या क्रीममध्ये अंडं निघालं, गाईड मुलीने आत जाऊन विचारलं म्हणून कळलं, मग ती आईंसाठी शेजारच्या दुकानातून बिनअंड्याची घेऊन आली. द्राक्षाची पानं आईंनी तीन खाल्ली आणि म्हणाल्या अळूवडीच्या पानासारखा आंबूसपणा आहे, चिंच कुठली घालतात? लिंबू असतं म्हणे. कपानीत एका मसालेवाल्याकडे बाबा अर्धा तास उभे, त्याला मराठीतून हळद दाखवत होते आणि तो त्यांना ग्रीकमधून ओरेगॅनोचा वास देत होता. निघताना कुलुरी सहा बांधून घेतल्या, उद्या सगळं बंद म्हणून. मृणाल, तिथला रव्याचा हलवा चाखून आई म्हणाल्या साखर कमी करून म्युनिकला गेल्यावर करू, पण तेल कुठलं घ्यायचं ते सांग.

मृणाल
साधं सूर्यफुलाचं. ऑलिव्हचं घेतलं तर हलकं घे, उग्र नको.