प्रतिसाद: बोर्ड बदलण्याआधी संपर्कबिंदू पाहा

हार्ड डिस्क फिरते, टकटक करते, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, यावर दिलेला 'त्याच मॉडेलचा जुना ड्राइव्ह घेऊन त्याचा सर्किट बोर्ड लावा' हा सल्ला फार जुन्या डिस्कपुरता ठीक आहे. हल्लीच्या बोर्डावर बहुधा आठ पायांची छोटी रॉम चिप (कायमची माहिती साठवणारी) असते (काहींत ती मुख्य चिपच्या पोटातच असते) आणि तिच्यात त्याच ड्राइव्हच्या हेडचं (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, असते. ती चिप किंवा तिच्यातला डेटा नव्या बोर्डावर आणल्याशिवाय डिस्क फिरेल, पण बायॉसला (कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क शोधणाऱ्या प्रोग्रामला) बहुतेक दिसणार नाही. पैसे वाया.

त्याआधी एक जवळजवळ फुकटचं काम करा, विशेषतः ऐरोली, वाशी, कोपरीसारख्या खाडीकाठी राहत असाल तर. बोर्डाच्या आतल्या बाजूला हेड आणि मोटरचे संपर्कबिंदू असतात. ड्राइव्हच्या पिना त्यांवर नुसत्या टेकलेल्या असतात, सोल्डरचा डाग दिलेला नसतो. दमट, खारट हवेत ते काळे पडतात आणि डिस्क फिरूनही ओळखली जात नाही. वीज पूर्ण काढून टी ६ किंवा टी ८ टॉर्क्स (ताऱ्यासारख्या टोकाच्या) स्क्रूड्रायव्हरने बोर्ड उघडा, बिंदू पांढऱ्या खोडरबरने हलके घासा, चुरा झटका, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि वाळल्यावरच बसवा. पॉलिशपेपर नको, मुलामा निघतो. ड्राइव्हचं वरचं झाकण तर अजिबात उघडू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूलाही हात लावू नका. एवढं करूनही टकटक चालू राहिली तर दोष बहुधा हेडचा आहे. डेटा हवा असेल तर पुन्हा वीज देऊ नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.