जिताड्याच्या पिंजऱ्याचं जाळं तीन आठवड्यांत बुजतं, होड्यांचा रंग लावू का?

दिवाळ्याची ताई: आम्ही बेलापूरच्या दिवाळे गावच्या सात जणी. खाडीत जिताड्याचे दोन पिंजरे आहेत, शेजारी बांबूला कालवांचे दोर. नवं जाळं आरपार दिसायचं. पहिल्या आठवड्यात हाताला बुळबुळीत थर लागला, मग पांढरे टोकेरी बार्नेकल (घट्ट चिकटून बसणारे कवचवाले जीव) आले, आणि आता बोटाच्या पेराएवढी काळी शिंपली घोसच्या घोस धरून बसलीत. परवा जाळ्याचा एक कोपरा चौघींनी ओढला तरी वर येईना. माझ्या तळहातावर दोन चिरा पडल्या. भांगाच्या पाण्यात (भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत), पहाटे, मासे वर येऊन आ करत होते. ९ मेले. एकजण म्हणतो होडीच्या बुडाला लावतात तो रंग जाळ्याला मार. कालवं शेजारीच आहेत म्हणून जीव धजत नाही.

चेंदणीकर: ताई, धजू नकोसच. भांगाला पाणी हलत नाही, त्यात जाळ्याची आस (भोकं) बुजलेली. वर तो सगळा शिंपला रात्रभर श्वास घेतो, माशाला उरतं काय? जाळ्याचे दोन संच ठेव. एक पाण्यात, एक कडक उन्हात, आपण डोलीचं जाळं वाळवतो तसं. पंधरा दिवसांनी अदलाबदल. बार्नेकल मोठं झालं की खरवडताना धागाच तुटतो, आणि तोपर्यंत माशाचं अंग घासून सोललेलं असतं.

खाडी_अभ्यास: रंगाबद्दल सांगते, मी सागरी जीवशास्त्र शिकते. त्यात बहुधा तांबं असतं, ते हळूहळू पाण्यात उतरतं आणि कालवं पाणी गाळून खातात, म्हणजे त्यांच्याच अंगात साठणार. पूर्वी होड्यांच्या रंगात ट्रायब्यूटिल टिन हे विषारी रसायन घालायचे. १९७० च्या दशकाअखेरीस फ्रान्सच्या आर्काशों खाडीत त्यानं कालवांची कवचं वेडीवाकडी, जाड झाली, नवी पिल्लं धरेनात. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान होड्यांना तो रंग लावायला बंदी घातली. जगभराची बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं.

तो काळा शिंपला बहुधा मायटिलॉप्सिस असावा. मूळचा मध्य अमेरिकेकडचा, जहाजांबरोबर आलेला. भारतात १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमला सापडला, नंतर मुंबईच्या गोदीतही. गोडं-खारं दोन्ही पाणी सोसतो, पावसाळ्यात आपोआप जाईल या भरवशावर राहू नका. खरवडलेलं पाण्यात टाकू नका, काठावर खड्डा करून पुरा.

चेंदणीकर: हे मात्र शंभर टक्के. आम्ही वर्षानुवर्षं खाडीतच झटकत आलो. चुकलंच आमचं.

दिवाळ्याची ताई: रंग रद्द. दुसऱ्या जाळ्याचे पैसे गटातून काढतोय, तोवर जुनं रविवारी ओहोटीला उचलू, पोरांना बोलावलंय. हातमोजेही आणले. एक विचारते, शेवाळ खायला पिंजऱ्यात थोडे कालुंदर मासे सोडले तर?

खाडी_अभ्यास: शेवाळ चरतील, बार्नेकलला हात लावणार नाहीत. पण जिताड्याच्या तोंडात मावतील एवढे लहान सोडू नका, तो गिळेल.

दिवाळ्याची ताई: मग तळहाताएवढेच घेते.