टॅपिंगच्या शिबिराला जा, पण गोळ्या बंद करू नका

मेडिकलवाला, जुळे सोलापूर:
सध्या आपल्याकडे ताण, भीती घालवायला टॅपिंगची शिबिरं चाललीत. तळहाताची कड, भुवई, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याच्या हाडाखाली, काखेखाली, टाळू अशा जागांवर दोन बोटांनी हलकं ठोकायचं. सोबत म्हणायचं, 'मला ही भीती वाटत असली तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारतो.' त्रास दहापैकी किती, ते आधी सांगायचं आणि नंतर पुन्हा सांगायचं. आकडा उतरला की अडकलेली ऊर्जा मोकळी झाली म्हणतात.

ठोकण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सोबत मिळणाऱ्या सल्ल्याला. नैराश्याच्या गोळ्या नेणाऱ्या एक बाई परवा दुकानात आल्या त्या काउंटरला धरूनच उभ्या राहिल्या. चक्कर, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शिबिरात त्यांना सांगितलं होतं की गोळ्या भावना दाबून टाकतात, आता सोडा. त्यांनी त्याच दिवशी सोडल्या. त्रास सुरू झाल्यावर विचारलं, तर उत्तर मिळालं की विष बाहेर पडतंय. अहो, विष कसलं! या गोळ्या एकदम तोडल्या की असं होऊ शकतं, म्हणून तर डॉक्टर त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात. त्यांना तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला.

ज्याला औषधातलं काही कळत नाही त्याने दुसऱ्याचं औषध बंद करायला सांगू नये. तुमचं मत सांगा.

पूर्वभागची ताई:
दादा, गोळ्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण टॅपिंगलाच झोडपू नका. मी विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायकांचे बचत गट बघते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळायच्या, पानं खराब निघाली तर तोटा आपलाच, घरी नवरा पिऊन आलेला. या बाईला 'समुपदेशकाकडे जा' म्हणणं सोपं आहे. जायचं तर तो दिवस बुडतो, आणि शेजारी विचारतात, 'हिला वेड लागलं का?'

आमच्या गटातली एक जण रात्री सगळे झोपले की हनुवटीवर, गळ्याखाली ठोकत बसते. म्हणते, 'ताई, छातीतली धडधड बसते.' पैसा लागत नाही, कुणाला कळत नाही. तिला मी कशाला थांबवू? आणि याला काहीच आधार नाही असंही नाही. २०१२ साली ८३ जणांवर केलेला अभ्यास आहे. टॅपिंग केलेल्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, नुसतं बोलणाऱ्यांपेक्षा आणि नुसतं बसणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं होतं.

एमए_मानसशास्त्र:
ताई, तो अभ्यास डॉसन चर्च यांचा. ते स्वतः टॅपिंग शिकवतात. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, पण त्यात 'चुकीच्या जागी ठोकणारा' गट नव्हता. म्हणजे फरक त्या ठरावीक जागांमुळे पडला की नुसत्या ठोकण्यामुळे, हे त्यातून कळतच नाही.

ते २००३ सालच्या एका अभ्यासात तपासलं गेलं. भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यांचे चार गट केले. एकाने नेमक्या बिंदूंवर ठोकलं, दुसऱ्याने हातावर भलत्याच जागी, तिसऱ्याने चक्क बाहुलीवर. चौथ्याने काहीच केलं नाही. पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली, चौथ्याची नाही. बाहुलीला ठोकूनही भीती उतरत असेल तर शरीरातल्या बिंदूंचं काम काय राहिलं?

याचा इतिहासही बघा. रॉजर कॅलहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आधी ही पद्धत काढली तेव्हा प्रत्येक त्रासासाठी बिंदूंचा क्रम वेगळा होता आणि तो क्रम महत्त्वाचा मानला जायचा. त्यांच्याकडे शिकलेल्या गॅरी क्रेगने १९९० च्या दशकात सगळ्या त्रासांना एकच क्रम लावला. तरी गुण येतो म्हणतात! मग गुण येतो तो भीतीचं नाव घेऊन, ती मनात धरून तिच्यासमोर शांत बसल्याने येत असेल. भीतीला थोडं थोडं सामोरं जाणं हा मानसोपचारातला जुना, तपासलेला मार्ग आहे.

यंत्रमागी:
ताणाला ठीक आहे, पण आमच्या ओळखीत घरात आत्महत्या झाली, तर त्या पोराला 'आघात एका बैठकीत काढून टाकतो' म्हणून नेलं. सगळं आठवायला लावलं आणि रडता रडता घरी पाठवलं. नंतर साधी चौकशी नाही. आघात झालेल्या माणसाला असं उघडं करून सोडायचं नसतं. लई राग येतो.

पूर्वभागची ताई:
हे वाईटच, याचं समर्थन नाही. पण एमए ताई, बाहुलीवर ठोकूनही बरं वाटलं, म्हणजे बरं वाटलं ना? माझ्या बाईला मेरिडियनशी, म्हणजे त्या ऊर्जेच्या वाहिन्यांशी, काय देणंघेणं? तिला रात्रीची झोप हवीय. तपासलेला मार्ग घरकुलापर्यंत येईपर्यंत तिने काय करायचं?

मेडिकलवाला, जुळे सोलापूर:
ताई, तिने खुशाल ठोकावं. पण बरं वाटतंय म्हणून आजार आत वाढत राहिला तर? झोप उडणं, जेवण सुटणं, 'मी नसते तर बरं' असं बोलणं, यातलं काही दिसलं की वाट बघत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी मानसोपचार हा तिचा हक्क आहे. आणि दिवस बुडवायचा नसेल तर १४४१६ वर फोन करावा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास सुरू असते. शिबिर घेणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा. तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर त्यांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक काय? नसाल तर आजार बरा करतो असं फलकावर का लिहिलंय?

पूर्वभागची ताई:
नंबर पुढच्या बैठकीत सगळ्यांना लिहून देते. गोळ्यांचंही बजावून सांगते. टॅपिंग मात्र बंद करा म्हणणार नाही. आमच्याकडे कित्येक घरांत तेलुगू बोलतात, १४४१६ वर चालेल का?

एमए_मानसशास्त्र:
चालेल. भाषा निवडता येते, मराठी आहे, तेलुगूही आहे.